भरलेला पाय, रिकामा पाय

आमच्या ह्यांना मराठी टाइप करता येत नाही. येत नाही म्हणजे, शिकायचंच नाही. चौतीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, इलेक्ट्रॉन कुठून कुठे उडी मारतो ते बोटावर सांगतील, पण की-बोर्डसमोर बसवलं की हात मांडीवर ठेवून बसतात. म्हणून पहिल्यापासून पद्धत अशी, की त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहायचं आणि कागद माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलावर आणून ठेवायचा. उजव्या कोपऱ्यात सूचना असते: 'दोन प्रती', 'तातडीचं', 'समास मोठा'. 'कृपया' कधी नसतं. मी टाइप करते आणि त्यांच्या नावाच्या मेलवरून पाठवते. त्या मेलचा पासवर्डसुद्धा त्यांना माहीत नाही. मंत्रालयात एकतीस वर्षं मी मराठी टायपिस्ट होते; घरी आल्यावर दुसरी पाळी.

नाहूरला चौथ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ते, आतल्या खोलीत कॉम्प्युटरपाशी मी, मधे एक भिंत. मुलगा मिहिर कॅनडात असतो. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, तेव्हा आम्ही दोघं दहा मिनिटं एका खोलीत बसतो.

गेली वीस वर्षं ह्या घरात ग्राफीन चालू आहे. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट असतं. ग्राफाइटला चिकटपट्टी लावून सोलत गेलं, सोलत गेलं, की शेवटी एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा उरतो, तो ग्राफीन. मधाच्या पोळ्यासारखी षटकोनांची जाळी. तिच्यात जागा दोन प्रकारच्या, अ आणि ब. अणू सगळे कार्बनचेच, पण अ-चे तिन्ही शेजारी ब असतात आणि ब-चे तिन्ही शेजारी अ. आपल्यासारखा शेजारी कुणालाच मिळत नाही. त्यातून धावणारा इलेक्ट्रॉन एकट्या अ-चाही नसतो आणि एकट्या ब-चाही नसतो. दोन्हीकडे त्याचा सारखा वाटा. ऊर्जेचं चित्र काढलं तर दोन शंकू दिसतात, टोकाला टोक लावून उभे. खालचा भरलेला, वरचा रिकामा. हे मी इतक्या वेळा टाइप केलंय, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. विचारलं मात्र कधी कुणी नाही.

रिटायर झाल्यावर मी मुलुंडच्या बागेत 'ताई ची' हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकायला जाऊ लागले. शिकवते ती संघमित्रा, निवृत्त मेट्रन, मूळची अकोल्याची. हॉस्पिटलात असताना एका फिजिओथेरपिस्टकडून ती हे शिकली. तिच्या शिकवण्यात दोनच शब्द, भरलेला पाय आणि रिकामा पाय. सगळा भार एका पायावर घ्यायचा, तो भरलेला. दुसरा रिकामा, तो पुढे टाकायचा. मग रिकामा हळूहळू भरत जातो आणि भरलेला रिकामा होतो.

"दोन्हींवर सारखा भार दिलास ना, की वाट लागली," ती म्हणते. "मग माणूस खांब. कोणी ढकललं की पडला."

एकदा तिने चपलेच्या टाचेने मातीत यिन-यांगचं वर्तुळ काढून दाखवलं. अर्धं काळं, अर्धं पांढरं, काळ्यात पांढरा ठिपका आणि पांढऱ्यात काळा. चीनमधले ताओवाले म्हणतात, ह्या दोघांचं भांडण नाहीच. एक पुरता भरला, की दुसऱ्याची सुरुवात त्याच्याच पोटात झालेली असते.

ह्यांना वाटतं मी हास्यक्लबला जाते. दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

मागच्या श्रावणातली गोष्ट. मी बागेत एका पावलाच्या मधोमध अडकले. दोन्ही पायांवर भार सारखा झाला आणि हलताच येईना. तेव्हा आदल्या दिवशी टाइप केलेलं वाक्य आठवलं: दोन शंकूंची टोकं जिथे मिळतात, नेमकं तिथे ग्राफीनमधून सगळ्यात कमी वीज वाहते. जरा वर सरका, इलेक्ट्रॉन वाहू लागतात. जरा खाली सरका, रिकाम्या जागाच वाहू लागतात. बरोबर मधे असलं की जवळजवळ काही नाही. मी तशीच उभी राहिले. संघमित्रा ओरडली, "जयंती, पाय उचल गं!" पण मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जे टाइप केलं होतं ते मला कळलं होतं, आणि तेही पायांतून.

आठ दिवसांत चार पानी लेख लिहिला. ग्राफीन आणि यिन-यांग. 'कणभर' नावाचं एक मराठी विज्ञान मासिक आहे, घाटकोपरहून निघतं. गार्गी नावाची हुशार मुलगी ते चालवते. तिचा नियम असा, की आलेला लेख लेखकाचं नाव काढून जाणकाराकडे पाठवायचा, आणि जाणकाराचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही. पदार्थविज्ञानाचे तिचे जाणकार म्हणजे आमचे हे. मला ते पक्कं माहीत होतं. सगळे अभिप्राय मीच तर टाइप करत होते. तरी लेख तिथेच पाठवला. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. एकदा तरी ह्यांनी माझं म्हणणं ऐकावं, ते मी म्हणतेय हे माहीत नसताना.

लेखासाठी नवा मेल उघडला आणि नाव दिलं रेवती. ते मी कुठून उचललं नव्हतं, माझंच होतं. तेविसाव्या वर्षापर्यंत मी रेवती होते. लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी सोन्याच्या अंगठीने त्यात 'जयंती' लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि रेवती संपली. आमच्याकडे तेव्हा तशीच रीत होती. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं.

गार्गीकडून लेख ह्यांच्या मेलवर आला. तो मीच छापला आणि बाहेरच्या खोलीत नेऊन दिला. दुपारी जेवताना ते मला वाचून दाखवू लागले.

"ऐक, ऐक. 'ग्राफीन हा ताओचा पापुद्रा आहे.' काय लोक असतात! उद्या म्हणतील, वडापावात पुंजभौतिकी."

मी त्यांना आमटी वाढली. "वाईट आहे का हो फार?"

"वाईट? बाईंना, बाईच असणार ही, भौतिकी येत नाही आणि..." ते थांबले. तिसऱ्या पानावर पायांचं लिहिलं होतं. भाताचा हात तसाच ठेवून त्यांनी ते दोनदा वाचलं. आमटी गार झाली. मग जेवण अर्धं टाकून उठले, हात धुतले आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

संध्याकाळी माझ्या टेबलावर कागद आला. कोपऱ्यात 'तातडीचं'. अभिप्राय कडकच होता. उपमा म्हणजे पुरावा नव्हे; पहिली दोन पानं काढून टाकावीत; 'पापुद्रा' वगैरे अलंकार नकोत. पण शेवटी लिहिलं होतं: 'पायांवरच्या भाराचं निरीक्षण मला वीस वर्षांत सुचलं नाही. लेखकाने यावर अधिक लिहावं. मी वाट पाहीन.'

मी वाट पाहीन, हे वाक्य त्यांनी मला बेचाळीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. मी ते टाइप केलं, गार्गीला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी गार्गीकडून माझ्या दुसऱ्या मेलवर ते मला आलं.

मग सुरूच झालं. रेवती लिहायची, गार्गीमार्फत पत्र ह्यांच्या मेलवर यायचं, मी छापून नेऊन द्यायची. ते पेन्सिलीने उत्तर लिहायचे, मी टाइप करायची, आणि ते फिरून मलाच यायचं. चार महिन्यांत सात पत्रं झाली. ह्या सात पत्रांत माणूस किती वेगळा होता म्हणून सांगू! शंका विचारायचा, स्वतःची चूक कबूल करायचा. 'तुम्ही म्हणता तो ठिपका मला आधी पटला नव्हता, आता थोडा पटतो,' असं लिहायचा. एकदा लिहिलं, की लहानपणी गिरणगावात गच्चीवर पडून तारे मोजता मोजता आपण भौतिकीकडे वळलो. मला हे माहीत नव्हतं. मी ते टाइप करत होते आणि भिंतीपलीकडे ते खोकत होते.

घरात मात्र तेच. "चहा?" "हो." "गॅस आला का?" "आला." पत्र मिळायला दोन दिवस उशीर झाला की माझ्यावर चिडायचे. "मेल बघत जा गं नीट." मी बघत होतेच. उत्तर काय लिहावं तेवढं सुचायचं होतं.

आणि मग सहावं पत्र आलं. कोपऱ्यात काही सूचना नव्हती. मधेच एक ओळ होती: 'तुमच्या पत्रांनी मला फार सोबत झाली. घरी या विषयावर बोलायला कोणी नाही.'

मी ते टाइप केलं. एक काना-मात्रा चुकला नाही. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. त्यांचं खोटं नव्हतं, तेच जास्त लागलं. त्यांच्या लेखी खरंच घरात कोणी नव्हतं. टाइप करणारं कोणीतरी होतं. आणि राग मला माझाही आला, कारण ते पत्र हातात पडल्यावर रेवती मात्र सुखावली होती. एकाच बाईला एकाच ओळीने रडवायचं आणि सुखवायचं, हे आमच्या ह्यांनाच जमावं.

बागेत मी संघमित्राला सगळं सांगून टाकलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग हसायची थांबली.

"अगं, पण तू का बोलत नाहीस त्यांच्याशी?"

"काय बोलू? बोलले तर रेवती जाईल. पत्रं बंद होतील."

"आणि नाही बोललीस तर?"

"तर मी आहेच तिथे. भिंतीच्या अलीकडे."

"म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी आहेस," ती म्हणाली. "सहा वर्षं हेच शिकवलं का गं मी तुला?"

सातव्या पत्रात त्यांनी एक गंमत लिहिली. ग्राफीनमध्ये विजेची भिंत उभी केली आणि इलेक्ट्रॉन अगदी सरळ समोरून तिच्यावर आला, तर तो आपटून मागे फिरत नाही. थेट पलीकडे जातो. तिरका आला तर मात्र बहुधा परततो. टाइप करता करता मला वाटलं, बेचाळीस वर्षं मी तिरकीच येत असेन. पत्राच्या शेवटी होतं: 'लेख आता छापायला गेला. नियमाची अडचण उरली नाही. एकदा आमच्या घरी चहाला या. रविवारी चार वाजता.'

रेवतीच्या मेलवरून मी गार्गीला होकार कळवला. तिने लगेच ह्यांना मेल केला: लेखिकेचं नाव रेवती, त्या यायला तयार आहेत. मी तो छापून बाहेर नेला आणि तिथेच उभी राहिले.

"रेवती," ते म्हणाले. "नुसतंच रेवती. आडनाव लावत नाहीत. सुधारक दिसतात."

मी उभीच होते.

"काय गं? काही हवंय?"

"नाही," मी म्हटलं.

रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. साबुदाणा वडे करायला सांगितले, माळ्यावरचे चांगले कप काढायला लावले, खुर्चीवरची पेपरची रद्दी स्वतः उचलली. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती, तिला ते सारखा हात लावत होते.

"तू थांबलीस तरी चालेल," ते म्हणाले, "पण कंटाळशील."

"मी जरा खाली जाऊन येते," मी म्हटलं. आतल्या खोलीत जाऊन ठेवणीतली जांभळी साडी नेसले आणि बाहेर पडले. त्यांनी वळून पाहिलं नाही. बिल्डिंगला दोन फेऱ्या मारल्या. कांजूरच्या डंपिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास वाऱ्यावर येत होता, लोक खिडक्या लावत होते. चारला लिफ्टने वर आले. किल्ली पर्समध्ये होती. मी बेल वाजवली.

दार लगेच उघडलं. इतका हसरा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तो क्षणभर टिकला.

"अगं, किल्ली नेली नाहीस? ये लवकर, त्या येतील इतक्यात." आणि माझ्या खांद्यावरून त्यांनी लिफ्टकडे पाहिलं.

मी आत जाऊन रद्दी उचललेल्या खुर्चीत बसले.

"तिथे नको बसू. त्यांना..."

"चारचं बोलावलं होतंत ना? आलेय मी. रेवती मीच."

ते आधी हसले, मग वैतागले. "चेष्टा पुरे. वडे गरम कर."

"घरी बोलायला कोणी नाही, असं तुम्ही मला लिहिलंत."

"ते तू टाइप केलंस. तुला माहीत असणारच."

हे मात्र खरं होतं. ताऱ्यांचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, तरी हेच उत्तर आलं असतं. त्यांनी रेवतीला लिहिलेला शब्द न् शब्द माझ्या बोटांखालून गेला होता, आणि त्यामुळेच माझ्याकडे पुरावा म्हणून काही नव्हतं. रेवतीचा मेल उघडून दाखवला असता, तरी त्यांच्या लेखी सगळे मेल माझ्याच कॉम्प्युटरवर येत होते. मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं.

"त्या चिठ्ठीत काय आहे?"

"त्यांना विचारायचे प्रश्न. समोर विचारायचे म्हणून टाइपला दिले नाहीत."

"मग विचारा."

त्यांनी चिठ्ठी उघडली आणि परीक्षेला बसलेल्याला विचारावं तसं रुक्ष आवाजात वाचलं, "दोन्ही पायांवर भार अगदी सारखा येतो, त्या क्षणी नेमकं काय वाटतं?"

मी उठले. टीपॉय बाजूला सरकवला, साडीचा घोळ उचलला आणि त्यांच्यासमोर पाऊल टाकलं. सहा वर्षांत त्यांनी मला हे करताना पाहिलं नव्हतं. मधोमध आल्यावर थांबले.

"एकटं वाटतं," मी म्हटलं. "दोन्ही पाय जमिनीवर असतात आणि कुठलाच आपला वाटत नाही. भांडण नसतं, काही नसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती छान उभी आहे. मग कुठला तरी एक उचलावाच लागतो. पडू म्हणून भीती वाटते, पण उचलावा लागतो."

मी पाय उचलला आणि पुढे ठेवला. त्यांची नजर माझ्या पायांवर होती. चिठ्ठीत आणखी प्रश्न होते, ते त्यांनी विचारले नाहीत. हळूच खाली बसले.

"रेवती," ते म्हणाले. मग म्हणाले, "तांदळात मीच लिहिलं होतं तुझं नाव."

"माझं नाही. जयंतीचं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता चिडतील, फसवलंस म्हणतील. किंवा माफी मागतील. बेचाळीस वर्षांत एकदा मागितली तर काही बिघडणार नव्हतं. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, की-बोर्डसमोर बसतात तसेच.

"मग मी आता पत्र कुणाला लिहू?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी समोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते, जांभळी साडी नेसून, आणि त्यांचं माणूस गेलं होतं. मला त्यांची फार दया आली आणि माझीही आली. 'मला लिहा' म्हणायला हवं होतं, की 'माझ्याशी बोला' म्हणायला हवं होतं, हे ठरेपर्यंत मिहिरचा फोन आला. सकाळी राहून गेला होता. आम्ही दोघं दहा मिनिटं त्याच्याशी हवापाण्याचं बोललो. मग मी वडे गरम केले. त्यांनी दोन खाल्ले.

सकाळी बागेत संघमित्राने विचारलं, "मग? गेलीस सरळ?"

"गेले."

"आणि?"

"पलीकडे पोचले की नाही, ते माहीत नाही," मी म्हटलं. माझ्या शेजारी उभी राहून तिने पूर्ण तासभर माझ्याबरोबर पावलं टाकली.

घरी आले तेव्हा ते खिडकीपाशी पेपर वाचत होते. "चहा?" मी विचारलं. "झाला," ते म्हणाले. त्यांनी स्वतः केला होता; माझा झाकून ठेवला होता. मी आतल्या खोलीत गेले. टेबलावर कागद होता, पेन्सिलीने लिहिलेला, दोन्ही बाजूंनी भरलेला. उजव्या कोपऱ्यात सूचना होती: 'टाइप करायचं नाही.'

खाली लिहिलं होतं: 'प्रिय रेवती, काल तुम्ही आमच्या घरी आलात. बोलायचं मात्र राहूनच गेलं.'

भिंतीपलीकडे पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. मी खुर्ची ओढून बसले आणि पुढचं वाचू लागले.